नोकरी सांभाळून विश्वचषक

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मराठी निम्मे कळते. उरलेले निम्मे आज क्रिकेटमुळे कळेल, याची मला खात्री आहे.

कार्यकारिणीने मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी रूळ, पूल किंवा गाड्यांचे वेळापत्रक यावर काहीतरी सांगेन. पण वर्षभर तेच बोलतो, निदान बाप्पासमोर तरी वेगळे बोलावे म्हणून क्रिकेट निवडले. तेही भारताचे नव्हे आणि आपल्या लाडक्या पिवळ्या संघाचेही नव्हे. मी बोलणार आहे अमेरिकेच्या राष्ट्रीय क्रिकेट संघाबद्दल.

'अमेरिकेत क्रिकेट खेळतात?' हा प्रश्न मला इथे मंडपात शिरतानाच दोघांनी विचारला. खेळतात. तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नसतो, वर्तमानपत्रात चार ओळी येत नाहीत, तरी खेळतात. आणि या संघातले बहुतेक खेळाडू तुमच्या-माझ्यासारखे, घरदार सोडून दुसऱ्या मुलखात स्थायिक झालेले लोक आहेत. म्हणून विषय दिसायला अमेरिकेचा असला तरी तो चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाच्या फार जवळचा आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात झाला असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तो पहिला कसोटी सामना, १८७७ सालचा. त्याच्या ३३ वर्षे आधी, सप्टेंबर १८४४ मध्ये, न्यूयॉर्क येथे अमेरिका आणि कॅनडा यांच्यात सामना झाला होता आणि तो कॅनडाने २३ धावांनी जिंकला. भारतात रेल्वेची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ साली निघाली. म्हणजे आपल्याकडे प्रवासी गाडी धावण्याआधी अमेरिकेत आंतरराष्ट्रीय क्रिकेट झाले होते! फिलाडेल्फिया शहरात तर या खेळाची मोठी परंपरा होती. तिथल्या बार्ट किंग या वेगवान गोलंदाजाने १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात इतकी अचूक गोलंदाजी केली की त्या मोसमातल्या इंग्लंडच्या सरासरीच्या तक्त्यात तो सर्वांच्या वर होता.

मग हे सगळे गेले कुठे? बेसबॉलने मैदाने घेतली. तो खेळ दोन-तीन तासांत संपतो, आणि क्रिकेटला दिवस पुरत नाही. शिवाय १९०९ मध्ये क्रिकेटची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली ती ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांपुरती. अमेरिका साम्राज्याबाहेर असल्याने तिला पंगतीत पानच मांडले गेले नाही. ज्या रोपाला वर ऊन नाही आणि खाली पाणी नाही, त्याचे जे होते तेच झाले.

त्यानंतर तिथे क्रिकेट टिकवले ते बाहेरून आलेल्यांनी. वेस्ट इंडिजच्या बेटांवरून आलेल्यांनी आधी, आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका येथून गेलेल्यांनी नंतर. आठवडाभर नोकरी आणि रविवारी उद्यानातल्या एका कोपऱ्यात सामना. २००४ मध्ये हा संघ इंग्लंडमधल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत खेळला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांचा डाव ६५ धावांत संपला आणि ऑस्ट्रेलियाने आठ षटकांच्या आत सामना खिशात टाकला. त्या दिवशी हसणारे पुष्कळ होते.

आता वीस वर्षे पुढे या. ६ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषक, ठिकाण टेक्सासमधले डॅलस शहराजवळचे ग्रँड प्रेअरी स्टेडियम. इथे एक चेन्नईची गंमत सांगतो. हे मैदान पूर्वी बेसबॉलचे होते, ते फिरवून क्रिकेटचे केले. २०२३ मध्ये अमेरिकेत जी व्यावसायिक लीग सुरू झाली, त्यातला टेक्सास सुपर किंग्ज संघ इथला यजमान आणि त्याचे नाते थेट आपल्या चेन्नई सुपर किंग्जशी. म्हणजे चेपॉकचा पिवळा रंग त्या मैदानावर आधीच पोचलेला होता.

समोर पाकिस्तान. बाबर आझमचा, शाहीन आफ्रिदीचा, मोहम्मद आमीरचा पाकिस्तान. अमेरिकेने त्यांना २० षटकांत ७ बाद १५९ वर रोखले. अमेरिकेचा कर्णधार मोनांक पटेल, आपल्या आणंदचा मुलगा, त्याने ५० धावा काढल्या. शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी चार आणि विजयासाठी पाच धावा हव्या होत्या. नितीश कुमारने चौकार मारला आणि बरोबरी झाली. सुपर ओव्हर आली. अमेरिकेने १८ धावा केल्या. पाकिस्तानला रोखण्यासाठी चेंडू दिला गेला एका उंच, डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजाच्या हातात. त्याने १३ धावाच दिल्या आणि एक बळी घेतला. क्रिकेटच्या नकाशावर ज्याचे नाव बारीक अक्षरात होते त्या देशाने माजी जगज्जेत्यांना हरवले.

त्या गोलंदाजाचे नाव सौरभ नेत्रावळकर. नावातच सगळे आले. आडनावातले नेत्रावळी गोव्यात सांगे तालुक्यात आहे आणि मुलगा मुंबईचा. दुसऱ्या दिवशी आपल्या घराघरांत एकच चर्चा होती, आपला मराठी मुलगा अमेरिकेकडून खेळतो आणि तो ऑरेकल कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे.

या मुलाची हकिगत वर्तमानपत्रांतून आली, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना थोडीफार ठाऊक असेल. पण ती सांगताना दोन प्रकारचे लोक दोन वेगवेगळे बोध काढतात. पहिले म्हणतात, 'बघा, शिकला म्हणून वाचला. म्हणून सांगतो, आधी अभ्यास!' दुसरे म्हणतात, 'मुंबईने इतका चांगला बोलर वाया घालवला.' मला हे दोन्ही बोध अर्धवट वाटतात. का, ते सांगतो.

सौरभचा जन्म १९९१ चा. २०१० मध्ये न्यूझीलंडला झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. त्या संघात के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट, हर्षल पटेल अशी पुढे नावारूपाला आलेली मुले होती आणि त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक बळी, नऊ, सौरभचे होते. उपांत्यपूर्व फेरीत भारत पाकिस्तानकडून हरला. त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम होता. चौदा वर्षांनी डॅलसला दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा एक पाकिस्तानचा कर्णधार होता आणि दुसरा रजा टाकून आलेला इंजिनिअर.

मधल्या काळात काय झाले? मुंबईच्या गोलंदाजीत तेव्हा झहीर खान, धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर अशी रांग होती. मुंबईचा उपनगरी लोकलचा डबा जसा, तसाच मुंबईचा रणजी संघ. आत जागा नाही म्हणजे तुम्ही वाईट प्रवासी आहात असे नव्हे, गाडीच भरलेली असते. सौरभने अंधेरीच्या सरदार पटेल कॉलेजातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढची दोन वर्षे क्रिकेटला दिली. डिसेंबर २०१३ मध्ये कर्नाटकाविरुद्ध रणजीचा सामना मिळाला. तो त्याचा मुंबईकडून एकमेव रणजी सामना ठरला. २०१५ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी निघून गेला. जाताना क्रिकेटचे बूटसुद्धा बरोबर नेले नाहीत, असे त्याने सांगितले आहे.

मंडळी, माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. त्यामुळे कॉर्नेल विद्यापीठावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ड्यूटी, रजा आणि बदली या तीन विषयांवर मी अधिकाराने बोलू शकतो. म्हणून माझे लक्ष या हकिगतीतल्या वेगळ्याच वर्षांवर जाते. पदवी मिळाली ते वर्ष नव्हे आणि पाकिस्तानला हरवले ते वर्षही नव्हे. २०१६ ते २०१८ ही मधली वर्षे.

२०१६ मध्ये त्याला सान फ्रान्सिस्कोला नोकरी लागली. पगार चांगला, काम आवडीचे. क्रिकेट संपले होते. कोणी बोलावत नव्हते, कोणी निवड समिती बघत नव्हती. तरी त्याने बूट पुन्हा विकत घेतले आणि तिथल्या क्लबकडून शनिवार-रविवार खेळू लागला. चांगल्या खेळपट्टीवरचे सामने लॉस एंजेलिसला होत. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मित्रांबरोबर गाडीत बसायचे, सहा तास गाडी हाकायची, शनिवारी तिथे सामना खेळायचा, रात्री परत फिरायचे आणि रविवारी सान फ्रान्सिस्कोत दुसरा सामना. सोमवारी सकाळी पुन्हा ऑफिस. सान फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे अंतर ६०० किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे आपण इथून गाडी काढून मदुराईच्याही बरेच पुढे जायचे, दिवसभर बोलिंग करायची आणि परत यायचे. कशासाठी? त्या वेळी याचे उत्तर कोणालाही, बहुधा त्यालाही, देता आले नसते. बक्षीस नाही, बढती नाही, भत्ता तर नाहीच नाही!

त्या रविवारच्या सामन्यांतून तो अमेरिकेच्या निवडीपर्यंत पोचला. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की खेळाडू त्या देशात जन्मलेला हवा, किंवा तिथला नागरिक हवा, किंवा किमान तीन वर्षे तिथे राहिलेला हवा. जानेवारी २०१८ मध्ये तो अमेरिकेकडून खेळला, त्याच वर्षाच्या अखेरीस कर्णधार झाला, आणि एप्रिल २०१९ मध्ये नामिबियात त्याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळवला. नोकरी चालूच होती. दौऱ्यावर लॅपटॉप बरोबर असतो आणि सामना संपल्यावर हॉटेलवर बसून तो ऑफिसचे काम करतो, असे त्याच्या घरच्यांनी २०२४ मध्ये पत्रकारांना सांगितले. त्या विश्वचषकात संघ दुसऱ्या फेरीत गेला तेव्हा 'आता बॉसकडे रजा वाढवून मागावी लागणार' हा विनोद जगभर फिरला. आमच्या ऑफिसात त्यावर कोणी हसले नाही, सगळ्यांनी सहानुभूतीने माना डोलावल्या.

आता बाकीचा संघ बघा. हरमीत सिंग हा डावखुरा फिरकी गोलंदाज मुंबईचा, २०१२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघातला. मिलिंद कुमार दिल्लीचा, ज्याने २०१८-१९ च्या रणजी मोसमात सिक्कीमकडून १३३१ धावा काढल्या होत्या. नोस्थुश केंजिगे जन्मला अमेरिकेत, वाढला कर्नाटकात आणि परत गेला अमेरिकेत. अली खान पाकिस्तानातल्या अटकचा. हो, तेच अटक, जिथे मराठ्यांनी झेंडे लावले! अँड्रिस गौस दक्षिण आफ्रिकेचा, कोरी अँडरसन न्यूझीलंडकडून खेळून आलेला, आरन जोन्स न्यूयॉर्कला जन्मून बार्बाडोसला वाढलेला, स्टीव्हन टेलर फ्लोरिडात जमैकन आईबापांच्या पोटी जन्मलेला. आपल्या रेल्वे कॉलनीतला गणपती जसा, तसा हा संघ.

यावर पुष्कळांनी नाक मुरडले. 'ही कसली अमेरिकेची टीम? ही तर भाड्याने आणलेली मंडळी!' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो आपल्यालाही लागू पडतो. आपण चेन्नईत दहा, वीस, तीस वर्षे राहतो. आपण इथले की तिथले?

याचे उत्तर शोधायला मला अमेरिकेला जावे लागत नाही. रेल्वेचाच संघ घ्या. रणजी स्पर्धेत रेल्वे खेळते आणि ती २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये विजेती झाली. या संघाला ना प्रांत, ना भाषा. ज्याला नोकरी दिली, तो रेल्वेचा. कोणी कधी विचारले का, की हा संघ कुठला? आमच्या खात्याने खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, सरावाला वेळ दिला. ज्यांच्यासाठी आज चेन्नई शहर 'थला' म्हणून वेडे होते ते महेंद्रसिंग धोनी २००१ ते २००३ या काळात खडगपूरला तिकीट तपासनीस होते, हे इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. झारखंडचा माणूस चेन्नईचा झाला तेव्हा त्याचे मूळ गाव कोणी आडवे आणले नाही.

आणि त्याच्याही आधीचा रॉबिन सिंग आठवा. जन्म १९६३ चा, त्रिनिदादचा. १९८० च्या दशकात शिक्षणासाठी मद्रासला आला आणि इथलाच झाला. १९८७-८८ मध्ये तमिळनाडूने ३३ वर्षांनी रणजी करंडक जिंकला, त्या संघात तो होता. अंतिम सामना इथेच मद्रासला झाला आणि हरलेला संघ होता, माफ करा, रेल्वेचा! पुढे रॉबिन सिंग भारताकडून १३६ एकदिवसीय सामने खेळला. त्याचे सूर मारून अडवलेले चेंडू आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहेत. त्रिनिदादचा मुलगा जर मनापासून भारताचा होऊ शकतो, तर मुंबईचा मुलगा मनापासून अमेरिकेचा का होऊ शकत नाही? एकाला आपण आपला म्हणायचे आणि दुसऱ्याला भाडोत्री, हा न्याय नव्हे.

या प्रश्नाची परीक्षा झाली १२ जून २०२४ रोजी. न्यूयॉर्कजवळ भारत विरुद्ध अमेरिका. त्या मैदानाबद्दल एक रूळवाला म्हणून दोन वाक्ये बोलल्याशिवाय मला राहवत नाही. उद्यानात सुमारे ३४ हजार लोकांचे तात्पुरते स्टेडियम काही महिन्यांत उभे केले. खेळपट्ट्या फ्लोरिडात तयार करून ट्रकने न्यूयॉर्कला आणून बसवल्या. बसवल्या खऱ्या, पण चेंडू कधी गुडघ्याखाली तर कधी छातीवर. भारताविरुद्ध आयर्लंडचा डाव ९६ धावांत आटोपला आणि रोहित शर्माला दंडावर चेंडू लागून बाहेर यावे लागले. आम्ही नवीन रूळ टाकतो तेव्हा खडी कितीही ठोकली तरी पहिल्या गाडीला पूर्ण वेग देत नाही. कॉशन ऑर्डर लावतो, हळू गाड्या सोडतो, भार पडून खडी बसली की मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवतो. मातीला घाई चालत नाही. माणसालाही नव्या मुलखात बसायला वेळ द्यावा लागतो, हे आपण सगळे जाणतोच.

असो. त्या सामन्यात भारताने आधी गोलंदाजी केली. अर्शदीप सिंगने ९ धावांत ४ बळी घेतले आणि अमेरिकेच्या ८ बाद ११० धावा झाल्या. मग सौरभ आला. विराट कोहली पहिल्याच चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परत गेला. थोड्याच वेळात रोहित शर्मा तीन धावांवर बाद, झेल हरमीत सिंगचा. गोलंदाज मुंबईचा, झेल घेणारा मुंबईचा, बाद होणारा मुंबईचा! पुढे सामना सावरला तो सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांनी, तेही दोघे मुंबईचे. सूर्यकुमारचा एक झेल सौरभच्याच हातून सुटला. मला तर न्यूयॉर्कला शिवाजी पार्कचा सामना चालू आहे असेच वाटत होते. अमेरिकेला दोन षटकांच्या मध्ये तीनदा साठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला म्हणून पाच धावांचा दंड झाला. वेळ न पाळल्याची शिक्षा काय असते ते आम्हा रेल्वेवाल्यांना कोणी शिकवायला नको. भारताने सात गडी राखून सामना जिंकला.

सौरभने त्या दिवशी चार षटकांत १८ धावा देऊन दोन बळी घेतले. पाकिस्तानविरुद्धही त्याचे आकडे नेमके हेच होते, चार षटके, १८ धावा, दोन बळी. हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. ज्या देशासाठी खेळण्याचे स्वप्न लहानपणी पाहिले, त्या देशाविरुद्ध चेंडू टाकताना हात जरासुद्धा आखडला नाही आणि जरासुद्धा जास्त आवेशही आला नाही. काम तेवढेच, तितकेच चोख. माझ्या दृष्टीने निष्ठा म्हणजे हीच. प्रेम कुठेही असू दे, अंगावर ज्याचा गणवेश आहे त्याचे काम पुरे करायचे.

आणि बघणाऱ्यांनी काय करावे? हे चेन्नईने जगाला दाखवले आहे. ३१ जानेवारी १९९९. चेपॉकवर पाकिस्तानने आपल्याला १२ धावांनी हरवले. सचिनच्या १३६ धावा वाया गेल्या. मैदानातला प्रत्येक जण रडवेला होता, तरी लोक उभे राहिले आणि पाकिस्तानच्या संघाला टाळ्यांच्या गजरात मैदानाची फेरी मारू दिली. मला या शहरात राहण्याचा अभिमान वाटतो तो अशा कारणांसाठी. पुढे २०२६ च्या विश्वचषकात अमेरिका भारताच्याच गटात आली, ७ फेब्रुवारीला वानखेडेवर भारताविरुद्ध आणि नंतर नेदरलँड्स आणि नामिबियाविरुद्ध आपल्या चेपॉकवर असा त्यांचा कार्यक्रम लागला, तेव्हा मला वाटले, चला, परीक्षक योग्य मिळाले!

सगळेच गोड आहे असे नाही. संघाने मैदानावर नाव कमावले, पण तिथल्या क्रिकेट संघटनेचा कारभार सुधारला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने अमेरिकेच्या संघटनेचे सदस्यत्व निलंबित केले. खेळाडूंचे नुकसान होऊ नये म्हणून संघाला खेळण्याची मुभा ठेवली. खेळणारे रविवारी सहाशे किलोमीटर जातात आणि कारभारी एका टेबलाभोवती बसू शकत नाहीत. ही गोष्ट परदेशातच घडते असे नाही. कुठलीही हौशी संस्था, कुठलेही मंडळ चालवणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. आपले मंडळ अर्थातच सन्माननीय अपवाद आहे!

आशेचीही जागा आहे. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असणार आहे. यापूर्वी ते एकदाच होते, १९०० साली पॅरिसला. आणि हा निर्णय कुठे झाला ठाऊक आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये, ऑलिंपिक समितीच्या मुंबईत भरलेल्या अधिवेशनात. ज्या शहरातून सौरभ बूट न घेता निघाला, त्याच शहरात त्याच्या नव्या देशातल्या क्रिकेटसाठी दार उघडले गेले.

आता शेवटचे आणि माझ्या दृष्टीने मुख्य. आपण इथे जमलेले बहुतेक लोक बदलीने, नोकरीने किंवा लग्न होऊन आलेले. येताना प्रत्येकाने सामान बांधले. भांडी आणली, देव आणले, लोणच्याच्या बरण्याही आणल्या. पण प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलेही. कोणाची पेटी गावच्या माळ्यावर आहे. कोणी शाळेत कबड्डीचे कर्णधार होते, कोणी नाटकात बक्षिसे घेत होते, कोणाचे अक्षर मोत्यासारखे होते आणि फलक लिहायला गाव त्यांना बोलवायचे. 'आता कुठे वेळ आहे, आणि इथे कोण बघणार आहे?' असे म्हणून ते सगळे ठेवून दिले. आपण कर्तव्यात कुठे कमी पडलो नाही. घर चालले, मुले शिकली. पण ती एक गोष्ट मात्र राहून गेली.

म्हणून मला सौरभ नेत्रावळकरच्या हकिगतीत 'आधी अभ्यास' हा बोध अपुरा वाटतो आणि 'मुंबईने वाया घालवला' हा तर चुकीचाच वाटतो. मुंबईतली गाडी भरलेली होती, पण गाडी चुकली म्हणून त्याने चालणे सोडले नाही. कोणी बघत नसताना, कोणी बोलावलेले नसताना, परक्या गावात त्याने पुन्हा बूट विकत घेतले. विश्वचषक नंतर आला. तो आला नसता तरी ते रविवार वाया गेले असे मी म्हटले नसते.

आपल्या मुलांबद्दलही एवढेच म्हणेन. घरी मराठी जरूर बोलू द्या, आरत्या पाठ करून घ्या. पण उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी तमिळनाडूच्या संघातून महाराष्ट्राविरुद्ध खेळायला उभी राहिली, तर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवा आणि महाराष्ट्राच्या सलामीच्या फलंदाजाचा त्रिफळा उडावा अशी प्रार्थना करा. आपल्या बाप्पाला दोन्ही भाषा येतात. इथे तो पिल्लैयार म्हणून प्रत्येक पिंपळाखाली बसलेला आहे, आपण येण्याच्या कितीतरी आधीपासून.

मी कार्यकारिणीला एक विनंती करतो. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक संध्याकाळ अशी ठेवा, की ज्याने जे मागे ठेवले होते ते घेऊन त्याने इथे यावे. पेटी असेल तर पेटी, रांगोळी असेल तर रांगोळी. सूर बेसूर झाला तरी चालेल, हात कापला तरी चालेल. आणि ज्यांना खेळायचे आहे त्यांच्यासाठी रविवारी सकाळी रेल्वे कॉलनीचे मैदान आहे. टेनिस बॉल माझा. मदुराईच्या पुढे जायची गरज नाही, मांबलमहून लोकलने या.

 

गणपती बाप्पा मोरया!